स्लिंग, उंबर आणि २२ किलोन्यूटन

पावसाळा सरला की परळच्या आमच्या खोलीत पलंगभर गिर्यारोहणाचं साहित्य पसरते आणि एकेक स्लिंग, म्हणजे शिवून कडं केलेली मजबूत पट्टी, बोटांतून फिरवून बघते. शिवण उसवलीय का, कडेला लव सुटलीय का, पट्टी ताठर झालीय का. उन्हाने नायलॉन हळूहळू कमजोर होतं. म्हणून सुळक्याच्या माथ्यावर कुणीतरी सोडून गेलेली, ऊन खाऊन पांढरी पडलेली स्लिंग दिसली, तर तिच्या भरवशावर मी रॅपल करत नाही, म्हणजे दोरावरून खाली उतरत नाही. आपली नवी बांधते आणि ती तिथेच सोडून येते. दोनेकशे रुपयांचा जीव तो, त्याचं काय वाईट वाटून घ्यायचं!

नवी मुलं हमखास विचारतात, “ताई, हिच्यावर २२ केएन लिहिलंय, म्हणजे सव्वादोन टन. मग एवढी काळजी कशाला?” हिशोब बरोबर आहे. १ किलोन्यूटन (केएन) म्हणजे साधारण १०२ किलो वजनाची ओढ. पण हा आकडा निघतो तो स्लिंग दोन गुळगुळीत गोल दांड्यांमध्ये सरळ ताणून. डोंगरात ती अशी बसते कुठे?

झाडाला लार्क्स फूट घालून, म्हणजे बुंध्याभोवती फिरवून एक टोक दुसऱ्यातून ओवून, आवळली की तिची एक तृतीयांश ते निम्मी ताकद जाते. तीच बुंध्यामागून फिरवून दोन्ही टोकं एका कॅराबिनरमध्ये, म्हणजे झडपेच्या धातूच्या कडीत, घेतली, तर भार चार पदरांत वाटला जातो आणि लिहिलेल्या आकड्यापेक्षाही जास्त ताकद मिळते. मात्र बुंधा जाड आणि स्लिंग तोकडी असेल तर दोन बाजूंमधला कोन फाकतो. ६० अंशांना प्रत्येक बाजूवर भाराचे ५८ टक्के येतात, १२० अंशांना पूर्ण भार. शिवाय कॅराबिनर तीन दिशांनी ओढला जातो, आणि तो त्यासाठी बनवलेलाच नाही. म्हणून १२० सेंटिमीटरची स्लिंग सोबत हवीच.

डायनीमा या कृत्रिम धाग्याची स्लिंग हलकी आणि बारीक असते, पण बुळबुळीत. तिला गाठ मारून काम चालवू नका. टेपची गाठ, म्हणजे न शिवलेल्या पट्टीची टोकं जोडायची गाठ, नायलॉनच्या टेपलाच, शेपट्या किमान आठ सेंटिमीटर, आणि दर वेळी तपासून, कारण भार येत-जात राहिला की ती गाठ सरकते. डायनीमा १४५ अंशांच्या आसपासच वितळतो. नायलॉन जास्त तग धरतं, तरी स्लिंगमधून थेट दोर ओवून कुणाला खाली सोडायचं नाही. स्लिंग जागची हलत नाही आणि दोर तिच्या एकाच जागी घासत राहतो, ती जागा तापते. मध्ये कॅराबिनर हवा.

इथवर सगळं आकड्यांत सांगता येतं. मला खरी काळजी असते ती स्लिंग ज्याला बांधायची त्याची. सह्याद्रीचा बेसाल्ट थरांचा आहे. घट्ट थराचा कडा होतो, सच्छिद्र थर लवकर झिजतो आणि तिथे टप्पे, उतार तयार होतात. झाडं उगवतात नेमकी त्या टप्प्यांवर, म्हणजे आपण अँकर, म्हणजे दोर बांधायचा आधार, शोधतो तिथे पायाखाली बहुधा ठिसूळ थर असतो. कड्यावरून झाड हिरवंगार दिसलं तरी मुळं कशात आहेत ते वाकून बघावं लागतं. उंबर किंवा पिंपळ भेगेत मुळं घालून कातळाला मिठी मारून बसलेला असेल तर मला आनंद होतो. जिवंत, मांडीएवढा जाड, आणि जोर लावून ढकलल्यावर बुडाशी माती हलत नाही असा. स्लिंग अगदी बुंध्याच्या तळाशी. वर बांधली की तोच बुंधा तरफ होऊन मुळं उपटायला लागतो. कारवी तर धरायलासुद्धा नाही! ती फुलून गेली की मरते आणि वाळक्या काठ्या रानभर उभ्या राहतात.

कातळाच्या शिंगाला स्लिंग घालायची तर आधी तळहाताने ठोकून ऐका. खणखणीत वाजलं तर पुढचा विचार, बद्द वाजलं तर सोडा. कड धारदार असेल तर खाली जाड कापड घाला. आणि लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढणारा, शिंगाच्या वर गेला की दोर स्लिंगला वर उचलतो, ती अलगद निसटते. त्यासाठी ती लांब ठेवावी, म्हणजे दोराची हालचाल तिच्यापर्यंत पोचत नाही.

मुंब्र्याच्या डोंगरावर मुलांना मी आधी फक्त झाडं आणि खडक बघत फिरवते, स्लिंगा सॅकमध्येच. प्रत्येकाने एक अँकर निवडायचा आणि तो का निवडला ते बाकीच्यांना पटवून द्यायचं. परवा एका मुलीने सगळ्यांनी पसंत केलेला जाडजूड बुंधा नाकारला. मागून बघितलं तर साल सुटलेली होती, आत वाळवी.