कॉन्टेसाचा डॅशबोर्ड: भेगा भरल्या, दाणा उठला, रंग बाकी

डॅशबोर्डचा पॅड, म्हणजे वरचा मऊ भाग, सध्या गाडीबाहेर, पडवीतल्या बाकावर आहे. भेगा भरून झाल्या, घासून सपाट झाल्या, त्यांच्यावर चामड्यासारखा दाणाही उमटवून झाला. आता रंगाचे हात तेवढे राहिलेत. रंगाला हवा कोरडी मिळेपर्यंत थांबायचंच आहे, तेवढ्यात आतापर्यंतचं काम सविस्तर लिहितो. यातला बराचसा भाग पद्मिनी, मारुती ८०० किंवा जुन्या मर्सिडीजवाल्यांनाही उपयोगी पडेल.

गाडी १९९३ ची कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन असलेली. हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाराच्या कारखान्यात १९८४ पासून २००२ पर्यंत कॉन्टेसा काढली. मूळ गाडी व्हॉक्सहॉलची व्हीएक्स, तीही तिकडे १९७८ लाच बंद झाली होती. त्यामुळे नवा पॅड मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नाही, आणि भंगारातले पॅड बहुतेक आपल्याहून वाईट अवस्थेत असतात. हाती आहे तोच वाचवायचा.

मुळात हा पॅड फाटतो का, ते नीट कळल्याशिवाय लांबीला, म्हणजे भेगा बुजवायच्या पुट्टीला, हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. वरची कातडी पीव्हीसीची, म्हणजे आपण ज्याला व्हायनल म्हणतो त्याची. शुद्ध पीव्हीसी पाइपासारखं कडक असतं. त्यात प्लास्टिसायझर मिसळला की ते मऊ होतं. बंद गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्ड साठ अंशांच्या वर सहज तापतो आणि हा प्लास्टिसायझर हळूहळू उडून जातो. पुढच्या काचेला आतून जो तेलकट धूसर थर बसतो ना, त्यात बराचसा तोच असतो. तो गेला की कातडी कडक तर होतेच, शिवाय आखडते. खाली मात्र फोम आणि त्याच्याही खाली पत्रा आहे, आणि पत्रा काही आखडत नाही. ४० अंशांच्या फरकात एक मीटर पोलाद अर्धा मिलिमीटर वाढतं, तेवढंच मऊ पीव्हीसी अडीच-तीन मिलिमीटर तरी वाढतं. रोज सकाळ-दुपार ही ओढाताण चालते. शेवटी जिथे कोपरा आहे, खाच आहे, तिथे ताण गोळा होतो आणि कातडी फाटते. माझ्या पॅडवर सगळ्या मोठ्या भेगा काचेच्या बाजूच्या हवेच्या खाचांच्या टोकांपासूनच निघाल्या आहेत.

माझ्या गाडीची पुढची काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली एकेरी काच आहे. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मधे असलेला पीव्हीबी या प्लास्टिकचा पडदा बहुतेक अतिनील किरण अडवतो, टफन्ड काचेत तो पडदा नसतो. म्हणजे उष्णता आणि ऊन, दोन्हींचा मार.

आणि आपल्याकडे तिसरी गोष्ट, पाणी. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. काचेचं रबर कडक झालं की ते पाणी थेंबाथेंबाने पॅडच्या पुढच्या कडेखाली उतरतं. पॅड काढल्यावर दिसलं की पुढच्या कडेचा फोम भुसा झाला होता, बोट लावलं की झडत होता, आणि त्याखालच्या पत्र्याला खाऱ्या हवेने गंज धरला होता. कोकणातल्या गाडीचा पॅड गाडीतच ठेवून वरून भेगा बुजवणं म्हणूनच मला पटत नाही. खालचं दिसतच नाही.

काढण्याबद्दल फार लिहीत नाही. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडवा, स्पीडोमीटरची केबल मागून मोकळी करा, प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा, फोटो काढा. गंजलेले स्क्रू ओढाताण करून तोडण्यापेक्षा आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं.

कातडी धुण्याआधी एक काम आधी उरकून घेतलं, दाण्याचा साचा. ग्लव्ह बॉक्सच्या वरच्या भागात दाणा शाबूत आहे. तिथे साच्याचं सिलिकॉन रबर ओतून तळहाताएवढा तुकडा घेतला. आमच्याकडे गणपतीच्या शाळेत रबरी साचे वापरणारे एक मूर्तिकार आहेत. हार्डनर किती घालायचा आणि बुडबुडे न येता बारीक धारेने कसं ओतायचं ते त्यांनीच दाखवलं. सिलिकॉन व्हायनलला चिकटत नाही, अलगद सुटतं. पण त्याचा अंश मागे राहिला तर रंग फाटतो, म्हणून साचा आधी आणि धुणं नंतर.

धुण्यावर मी सगळ्यात जास्त जीव लावला. मागच्या मालकांनी वर्षानुवर्षं चकाकीचं पॉलिश मारलं होतं. त्यात सिलिकॉन असतं आणि ते दाण्याच्या खोबणीत बसतं. त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडतात. आधी भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश, मग सिलिकॉन काढणारं सॉल्व्हंट, दर वेळी नवी चिंधी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. तपासायची पद्धत सोपी आहे: पाणी शिंपडायचं. थेंब गोळा होऊन उभे राहिले तर सिलिकॉन अजून आहे, पाणी पसरलं तर पृष्ठभाग तयार आहे.

आता मुख्य काम. भेग दिसली की तिथे माल कमी झालाय असं वाटतं आणि हात आपोआप लांबीकडे जातो. पण ताण तसाच ठेवून भेग भरली तर पुढच्या उन्हाळ्यात ती भरावाच्या शेजारून पुन्हा उघडते. म्हणून आधी ताण सोडवला. प्रत्येक भेगेच्या टोकाला दोन मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे धावत नाही. बोटाच्या पेराने ठोकत गेलं की जिथे कातडी फोमपासून सुटली आहे तिथे पोकळ आवाज येतो. ते भाग खडूने आखले. वर वळलेल्या कडा हेअर ड्रायरने गरम करून मऊ केल्या, दाबून बसल्या तेवढ्या खाली चिकटवल्या, ज्या बसेनात त्या कापून टाकल्या. काचेखाली झाकल्या जाणाऱ्या कडेला दोन ठिकाणी मुद्दाम चीर दिली. आखडायचं असेल तर कातडीने तिथे आखडावं, डोळ्यांसमोर नको.

भुसा झालेला फोम चांगला भाग लागेपर्यंत खरवडून काढला, पत्रा वायर ब्रशने घासून गंज मारणारं रसायन लावलं, वर इपॉक्सी प्रायमर. मग दोन भाग मिसळून बनणारा मऊ पीयू (पॉलियुरेथेन) फोम. इथे किनाऱ्यावरच्या लोकांनी विशेष लक्ष द्यावं. यातला आयसोसायनेट हा घटक पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. फोम फुगतो त्यातला काही भाग याच गॅसचा. पण जुना फोम ओला असेल किंवा हवेत फार बाष्प असेल तर गॅस वाजवीपेक्षा जास्त सुटतो, मोठे बुडबुडे होतात आणि फोम पोकळ, ठिसूळ बनतो. म्हणून पॅड प्लायच्या पेटीत शंभर वॉटच्या बल्बखाली वाळवला. मिरकरवाडा बंदरात फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांना वेळेचं विचारलं. ते म्हणाले, "संध्याकाळचा डबा उघडूच नको. ऊन चढलं की काम धर, नि दव पडायच्या आत आटप." बाष्पमापक पडवीत टांगल्यापासून मलाही तेच दिसतंय: सकाळी आकडा ऐंशी टक्क्यांच्या वर, भर दुपारी पन्नाशीत. सगळं ओतकाम दुपारचंच केलं. आयसोसायनेटची वाफ फुफ्फुसांना घातक आहे; कापडी मास्क चालत नाही, कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा दोन्ही हवं.

भेगेच्या कडा इंग्रजी व्ही आकारात तिरक्या कापून मऊ पीयू फिलर भरला. गॅरेजमध्ये पत्र्यासाठी वापरतात ती पॉलिएस्टर लांबी इथे अजिबात नको, ती कडक असते आणि शेजारची कातडी हलली की सुटते. वाळलेला फिलर नखाने दाबून पाहावा, बाजूच्या व्हायनलइतकाच दबला पाहिजे. तो एकाच वेळी काठोकाठ न भरता पातळ थरांत भरला. घासायला आधी १२० चा पेपर, मग १८०, शेवटी ३२०, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटाने घासलं की खड्डे पडतात आणि ते रंग मारल्यावरच दिसतात.

शेवटचा पातळ थर अर्धा सुकल्यावर त्यावर साचा ठेवून तळहाताने एकसारखा दाबला. उचलल्यावर दाणा असा स्वच्छ उमटला होता की मी बराच वेळ पॅड उजेडात फिरवून पाहत बसलो. जिथे दोन ठसे जुळतात तिथे सांधा दिसतो. तिथे स्प्रे गनचा दाब कमी ठेवून लवचिक टेक्स्चरचे बारीक शिंतोडे मारले. सांधा संपूर्ण गेला नाही, पण आता शोधावा लागतो.

काहींनी रेक्झिन चढवून घे असं सुचवलं. चांगला कुशनवाला ते सुंदर करतो, पण या पॅडचे दुहेरी वळणाचे भाग शिवणीशिवाय झाकता येत नाहीत आणि मूळ पॅडला शिवण नाही. वरून चिकटवायच्या कडक फायबरच्या टोपीला माझा विरोध आहे, कारण खालचा ओला फोम तसाच कुजत राहतो.

रंगाआधी एक चाचणी बाकी आहे. काचेचं रबर नवं बसलं की पॅड कच्चाच गाडीत ठेवून काचा बंद करून उन्हात तापवणार, रात्री गार होऊ देणार, असं काही दिवस. भरावाची कड कुठे उठलीच तर ती आत्ता उठू दे. त्यानंतर लवचिक व्हायनल पेंटचे पातळ हात, थिनरमध्ये थोडा रिटार्डर, म्हणजे थिनर सावकाश उडावा म्हणून घालायचं द्रव्य, घालून. दमट हवेत थिनर भराभर उडाला की पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते.

एक माहिती हवी आहे. मूळ काळ्या रंगाची चमक नेमकी किती होती? माझ्या पॅडवरचा एकही भाग उन्हातून सुटलेला नाही. ज्यांच्या क्लासिकमध्ये मीटरच्या कड्याखाली झाकलेली मूळ कातडी शाबूत आहे त्यांनी ती दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी साधा पांढरा कागद धरून टिपावी. त्यावरून मॅटिंगचं, म्हणजे चमक मारणाऱ्या द्रव्याचं, प्रमाण ठरवता येईल.