म्युझिदोरा: आतापर्यंत काय पाहिलं, पुढे काय

म्युझिदोरा म्हणजे मूकपटांच्या काळातली फ्रेंच अभिनेत्री. तिच्या 'ले व्हांपीर' या गुन्हेगारी टोळीवरच्या मूक मालिकापटाचे दहाही भाग एकदाचे संपले. एकूण जवळपास 7 तास, पण एका बैठकीत बघू नका, डोकं जड होतं. गोमाँ कंपनीनेही नोव्हेंबर 1915 ते जून 1916 असं रमतगमतच दाखवलं होतं. लांबीला काही धरबंध नाही. दुसरा भाग पाव तासात आटपतो, शेवटचा तासभर चालतो.

नव्याने बघणाऱ्यांसाठी: पहिल्या दोन भागांत म्युझिदोराची वाट बघू नका. दुसऱ्या भागात वटवाघळाच्या पोशाखात नाचते ती स्तासिया नापिएर्कोव्स्का. आपली बाई तिसऱ्यात येते. टोळीच्या मागावरचा पत्रकार फिलिप कॅबरेबाहेरचं पोस्टर वाचत असतो, 'इर्मा वेप' या तिच्या पात्राच्या नावातली अक्षरं जागची हलतात, एकमेकांना ओलांडतात आणि 'व्हांपीर' होऊन थांबतात. हा तुकडा मी मागे नेऊन नेऊन पाहिला. 1915 सालची करामत, आणि अजूनही मजा येते.

तो अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख आता इतका गाजलाय की माणसं तिथेच थांबतात. मला तिची वेषांतरं जास्त आवडली. फिलिपच्या घरी मोलकरीण, पुढे बँकेतली नोकरदार बाई, सहाव्या भागात तर चक्क तरुण व्हायकाउंट, म्हणजे उमराव! दिग्दर्शक लुई फयाद कॅमेरा दूर ठेवतो, सहसा हलवत नाही. त्यामुळे प्रत्येक सोंगाची चाल, खांदे, मान तिला वेगळी करावी लागते. सहाव्याच भागात टोळीचा प्रतिस्पर्धी गुन्हेगार मोरेनो याच्या संमोहनाखाली ती टोळीच्या म्होरक्याला गोळी घालते. तिथे तिचे काजळ घातलेले डोळे बघा, बाकी सगळं विसरायला होतं. टोळीचे म्होरके मात्र बदलत राहतात, गोष्ट वाकडीतिकडी होते. युद्धाचे दिवस होते, पॅरिसच्या पोलिसांनी मध्येच बंदीही घातली होती. कथानकाकडून फार अपेक्षा ठेवू नये हे बरं.

फयादचाच पुढचा मालिकापट 'झ्युदेक्स' (1917) निम्मा झालाय. नायक काळ्या झग्यात फिरणारा सज्जन, म्हणजे थोडा कंटाळवाणाच. बँकरच्या घरात गव्हर्नेस म्हणून शिरलेली खलनायिका दियाना मोंती, म्हणजे पुन्हा म्युझिदोराच, पडद्यावर आली की जान येते.

खरा शोध पुढचा आहे. 1889 साली पॅरिसमध्ये जन्मलेली ही झान रोक (म्युझिदोराचं खरं नाव) फयादनंतर स्वतः दिग्दर्शनाकडे वळली. लेखिका मैत्रीण कोलेतच्या कथेवरचा 'ला फ्लाम काशे' हरवला. 'पूर दोन कार्लोस' (1921) आणि स्पेनमध्ये केलेला 'सोल इ सोंब्रा' (1922) मात्र शिल्लक आहेत. दुसऱ्यात ती दुहेरी भूमिकेत आहे, एक काळ्या केसांची स्पॅनिश आणि एक सोनेरी केसांची परदेशी. उतारवयात ती आँरी लांग्लवाच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयात काम करायची, म्हणजे जुने चित्रपट जपणाऱ्यांतली झाली.

एक तांत्रिक सूचना. काही प्रतींत माणसं तुरुतुरु पळतात, कारण मूकपट चुकीच्या वेगाने उतरवलेला असतो. प्लेयरमध्ये वेग पाऊणपट करा, संगीत बंद ठेवा. अभिनय लगेच वेगळा वाटतो.

आता 'सोल इ सोंब्रा', मग 1924 चा 'ला तिएर्रा दे लोस तोरोस'. दुसऱ्याची बरी प्रत कुणी पाहिली असेल तर वेग कितपत ठेवला तेवढं सांगा.