टँजियर ते फेस: तेतुआन गाळू नका

मोरोक्को म्हटलं की टूरवाले मराकेश आणि वाळवंटातले उंट दाखवतात. आम्ही दोघांनी नऊ दिवस फक्त उत्तरेत काढले: टँजियर, तेतुआन, शेफशाऊन आणि फेस.

टँजियरच्या कसब्याच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, तटावरून समोर स्पेनचा किनारा दिसतो. मधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर आहे. प्रवासवर्णनकार इब्न बतूता याच गावचा, जन्म 1304 चा. पुढे तो दौलताबादला आणि नंदुरबारला येऊन गेला. तिथले मराठे भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, अशी नोंद त्याने केली आहे. म्हणून त्याची म्हणून दाखवतात ती कबर बघायला मुद्दाम गेलो, तर दाराला कुलूप! मेदिनेतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, त्या बोळात निदान पत्ता विचारायचा सराव झाला.

तेतुआन बसने तास-सव्वा तासावर. बहुतेक लोक इथे फक्त बस बदलतात, आणि तिथेच चुकतात. 1492 मध्ये स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रॅनाडा पडलं, त्याच सुमारास स्पेनमधून आलेल्या निर्वासितांनी हे गाव नव्याने उभं केलं. पांढऱ्या भिंती, हिरव्या खिडक्या, अंगणात कारंजं. ज्यूही तिकडूनच आले. त्यांच्या घरात हाकेतिया नावाची स्पॅनिश बोली होती. त्यांची वस्ती, म्हणजे मेल्लाह, 1807 मधली. तिच्या काटकोनी, सरळ गल्ल्या बाकीच्या वळणावळणाच्या मेदिनेतून चालताना लगेच वेगळ्या कळतात. मेदिनेला लागूनच स्पॅनिशांनी वसवलेलं नवं शहर आहे, कारण 1956 पर्यंत त्यांच्या संरक्षित प्रदेशाची ही राजधानी होती. दुकानदार आम्हाला आधी स्पॅनिशमध्येच विचारत. आम्ही भारतातले म्हटल्यावर मात्र शाहरुख खान!

बाब अल-ओक्ला दरवाज्यासमोर दार सनाआ ही हस्तकलेची शाळा आहे. झेलिजचा, म्हणजे रंगीत तुकड्यांच्या फरशीनक्षीचा, एकेक तुकडा हाताने घडवताना मुलं दिसतात. आम्ही अर्धा तास म्हणून आत शिरलो आणि दोन तास बसलो. सुट्टीच्या दिवशी गेलात तर रिकामे वर्ग बघावे लागतील.

शेफशाऊनबद्दल फार लिहीत नाही. 1471 मध्ये वसलेलं, निळं, सुंदर, आणि दहा वाजल्यानंतर फोटोवाल्यांचं. सकाळी सातला बाहेर पडा. बाजारात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं वस्त्र आणि लोकरीचे गोंडे लावलेल्या टोप्या घातलेल्या डोंगरातल्या बायका भाजी विकायला येतात; न विचारता कॅमेरा रोखू नका. एक रात्र पुरते. इथे रेल्वे नाही, आणि फेसच्या बसची तिकिटं लवकर संपतात, तेव्हा उतरल्या उतरल्या पुढचं तिकीट काढून टाका.

फेसमध्ये मात्र तीन रात्री हव्यातच. नदीच्या एका काठाला स्पेनमधल्या कॉर्डोबाहून आलेले लोक वसले, दुसऱ्या काठाला ट्युनिशियातल्या कैरुआनहून आलेले. ही नवव्या शतकातली गोष्ट, पण दोन्ही तीरांना आजही तीच नावं आहेत. 859 मध्ये स्थापन झालेली करावीयीन मशीद मुस्लिमेतरांना दारातूनच बघावी लागते. बू इनानिया मदरशात मात्र आत जाता येतं. मेदिनेत मोटारी नाहीत, माल खेचरांवरून येतो. मागून ‘बालाक!’ (बाजूला व्हा!) ऐकू आलं की आधी भिंतीला चिकटायचं, मग वळून बघायचं. ‘पुढे रस्ता बंद आहे’ म्हणणाऱ्या मुलाच्या मागे आम्ही गेलो आणि चामड्याच्या दुकानात पोहोचलो. रस्ता अर्थातच उघडा होता. शुक्रवारी दुपारी अर्धा बाजार बंद असतो, तो दिवस कुसकुससाठी, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांच्या जेवणासाठी, ठेवा.

शाकाहाऱ्यांनी हरीरा सूपमध्ये मांस आहे का हे दरवेळी विचारावं. आम्ही बिसारावर जगलो: सुक्या बाकल्याचं दाट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. न्याहारीला घडीच्या पोळीसारखं म्समेन. पुदिन्याच्या चहात साखर इतकी की त्यापेक्षा उसाचा रस फिका लागेल. कमी हवी असेल तर आधीच सांगा.

युरो नेऊन तिथेच दिरहम घ्या, आणि सुटे जपून ठेवा. छोट्या टॅक्सीत तीनच प्रवासी बसतात, मीटर चालू करायला लावा. गावाबाहेर जाणारी मोठी टॅक्सी सहा जण भरल्याशिवाय हलत नाही. घाई असेल तर उरलेल्या जागांचे पैसे आपणच द्यायचे. परतताना फेसहून टँजियरला येणार असाल तर केनित्रा स्टेशनला उतरून वेगवान बोराक रेल्वेगाडी पकडा. आम्ही मेदिनेतून घेतलेल्या चपलांचा वास त्या वातानुकूलित डब्यात टँजियर येईपर्यंत दरवळत होता.