तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे रंग असताना तीनच का?

स्टेटसला चित्र टाकलं की कुणी ना कुणी विचारतंच, की बाजारात इतके रंग मिळतात, तुमच्याकडे पण भरलेला बॉक्स असणार, मग तुम्ही सारखं त्याच तीन-चार रंगांत का काढता, कंटाळा नाही का येत? विचारणाऱ्यांत नुकतंच पेंटिंग सुरू केलेले बरेच असतात. आतापर्यंत ज्याला त्याला तुकड्यातुकड्यात सांगत आले, आता एकदा बसून सगळंच लिहिते.

आधी माझे रंग सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी वॉटरकलर करते. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा), वर्षातले बहुतेक महिने हेच तीन. पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडायचा. काळा हवा असेल तर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवायचे, पाणी अगदी जेमतेम, इतका गडद रंग होतो की काळ्या ट्यूबची आठवण येत नाही, शिवाय तो आपल्या हातात राहतो, निळा जरा जास्त घातला की गार पडतो, सिएना जास्त घातला की ऊब येते.

आता का ते. मला रंगांचे शेजार शिकायचे आहेत. एखादा रंग कसा दिसणार हे त्याच्या बाजूला काय आहे त्यावर ठरतं, आणि ही गोष्ट कमी रंगांत फार लवकर कळते. आज संध्याकाळी करून बघा: अल्ट्रामरीन आणि सिएना अशा प्रमाणात मिसळा की धड निळा नाही, धड तपकिरी नाही असा राखाडी मिळेल. कागदावर त्याचे दोन छोटे चौकोन काढा. वाळले की एकाच्या भोवती शुद्ध सिएना लावा, दुसऱ्याच्या भोवती शुद्ध निळा. एकाच वाटीतला राखाडी, पण सिएनातला चौकोन निळसर दिसायला लागतो आणि निळ्यातला मातकट. मी कितीतरी जणांना हे समोर करून दाखवलंय आणि प्रत्येकजण कागद हातात घेऊन खिडकीपाशी जातो, खरंच एकच रंग आहे का बघायला.

हे काही मी शोधलेलं नाही. शेव्रल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता, तिथे भिंतीवर लावायची मोठमोठी विणलेली चित्रं व्हायची. तक्रार आली की निळ्या-जांभळ्याच्या सावल्यांमध्ये वापरलेला काळा धागा फिका पडतोय, रंगच नीट चढत नाहीये. त्याने तपासलं तर काळ्या रंगात काहीच खोट नव्हती, शेजारच्या निळ्यामुळे तो तसा दिसत होता. त्यावर त्याने १८३९ साली अख्खं पुस्तक छापलं, आणि नंतरच्या कितीतरी चित्रकारांनी ते वाचून कामं केली. मला ही गोष्ट फार आवडते कारण ती कारखान्यातल्या साध्या तक्रारीतून निघाली.

तीन रंगांत काम करताना हा अनुभव रोज येतो. हिरव्याची वेगळी ट्यूब नाही, मग ऑकर आणि अल्ट्रामरीनचा जो काही मळकट हिरवा होतो त्यालाच झाड करायचं असतं, आणि तो झाडासारखा दिसावा म्हणून त्याच्याजवळ काय ठेवायचं याचा विचार करावा लागतो. मी चिपळूणची, आमच्या परसातली गडग्याची भिंत जांभ्याची आहे. पावसाळ्यात ती भिजते, तिच्यावर शेवाळ चढतं, आणि तिला मी अक्षरशः पुन्हापुन्हा काढलंय. भिजलेला जांभा म्हणजे बर्न्ट सिएना, त्यात अगदी किंचित निळा. दगडादगडामधली फट म्हणजे तेच दोन, घट्ट. शेवाळ मात्र ऑकर जास्त आणि अल्ट्रामरीन कमी असं पातळ हिरवं, नुसतं पॅलेटमध्ये बघाल तर म्हणाल हा कसला हिरवा, हा तर चहा सांडल्यासारखा दिसतोय. तोच लालसर जांभ्याला चिकटून लावला की ताजा, ओला हिरवा वाटतो. तिथे जर मी ट्यूबमधला झगझगीत हिरवा लावला असता तर शेवाळ भिंतीवर चढलेलं न दिसता चिकटवलेलं दिसलं असतं.

आणि आभाळ! अल्ट्रामरीनचे कण जरा जाड असतात, खरखरीत कागदावर भरपूर पाण्यात सोडला की ते कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. त्यात सिएना सोडला की दोन्ही पूर्ण मिसळत नाहीत, वाळताना थोडे वेगळे होतात, आणि तो जो दाणेदार राखाडी मिळतो ना, तो जून-जुलैच्या ढगांचाच रंग आहे. ब्रश फिरवायचाच नाही, कागद थोडा तिरका धरायचा आणि थांबायचं. प्रशियन ब्लूने हे होत नाही, त्याचे कण फार बारीक, तो कागदात मुरतो आणि सपाट बसतो. म्हणून मला कुणी विचारलं की निळा कुठला घेऊ तर मी आधी अल्ट्रामरीनच सांगते.

बरं, या तीन रंगांचं मूळ बघितलं तर दोन चक्क माती आहेत. ऑकर म्हणजे लोहाची पिवळी माती. ती भाजली की तिच्यातलं पाणी उडतं आणि ती लाल होते, सिएना नावाची माती भाजून बर्न्ट सिएना होतो तो असाच. आपला गेरू, तुळशीवृंदावनाला लावायचा, तो याच घरातला. आणि अल्ट्रामरीन पूर्वी लाजवर्द नावाचा निळा दगड कुटून काढायचे, युरोपात त्याला सोन्याच्या तोडीची किंमत होती, मग तो कारखान्यात बनवून दाखवणाऱ्याला फ्रान्समधल्या एका संस्थेने ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं आणि १८२८ मध्ये ते ज्याँ-बातिस्त गिमे याला मिळालं. त्यानंतर तो इतका स्वस्त झाला की कपड्यांना घालायच्या निळीच्या पुडीत तोच यायला लागला. आमच्या आजीच्या घरी चुन्यात ती नीळ टाकून भिंती रंगवायचे.

हे सगळं मला अजिंठ्यात जाऊन आल्यावर जास्त जवळचं वाटायला लागलं. क्रमांक ९ आणि १० च्या लेण्यांतली सगळ्यात जुनी चित्रं बघा, तिथे तांबडी माती, पिवळी माती, काजळीचा काळा, पांढरा आणि हिरवी माती, एवढ्यावर सगळं काम आहे. ही हिरवी माती आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातच मिळते. निळा दिसतो तो नंतरच्या, पाचव्या शतकाच्या सुमाराच्या चित्रांत, लाजवर्दचा, आणि तो दगड यायचा पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. एवढ्या लांबून आलेला रंग तिथल्या चित्रकारांनी जपून, हवा तिथेच लावलाय, आणि भोवती तांबडा-पिवळा असल्यामुळे अंधाऱ्या लेण्यातही तो उठून येतो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर लोक चेहऱ्याकडे बघतात, बघावंच, पण पुढच्या वेळी जाल तेव्हा त्या चेहऱ्याभोवतीचे रंग मोजा. फार थोडे आहेत.

तेलरंग किंवा पोस्टर कलर करणारे मला झॉर्न पॅलेटबद्दल विचारतात. अँडर्स झॉर्न, स्वीडनचा, मोरा गावचा, १८६० ते १९२०. सुरुवातीला तो वॉटरकलरच करायचा, तेलरंगाकडे नंतर वळला. त्याच्या नावाने जो पॅलेट ओळखला जातो त्यात चार रंग: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन (केशरी झाकेचा लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा). १८९६ च्या त्याच्या सेल्फ पोर्ट्रेटमध्ये हातातल्या पॅलेटवर हेच चार दिसतात. निळा नाहीच! काळ्यात पांढरा मिसळला की थंड राखाडी होतो आणि तो गव्हाळ-लालसर कातडीशेजारी निळा म्हणून खपून जातो, काळ्यात ऑकर मिसळला की हिरवट. त्याने आयुष्यभर फक्त हेच चार वापरले असं लोक सांगतात ते मात्र खरं नाही, त्याच्याकडे निळ्याच्या ट्यूबा होत्या आणि समुद्र-पाणी काढताना तो त्या वापरायचा. मला त्याचं हेच पटतं. समोर काय आहे ते बघून त्याने रंग कमी केले, कमीपणाचा हट्ट धरला नाही. माणसांचे चेहरे शिकायचे असतील तर यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. व्हर्मिलियनच्या जागी हल्ली कॅडमियम रेड लाइट घेतात, पोस्टर कलरमध्ये साधा व्हर्मिलियन नावाचा मिळतो तोही चालतो.

आता रोजचं. "रोज वेळ कसा मिळतो" हा तुमचा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर पण याच रंगांत आहे. सकाळी घरातलं आवरून ऑफिसला निघायच्या आधी मला अर्धा तास मिळतो. त्यात बॉक्स उघडून कुठला निळा, कुठला लाल असं ठरवत बसले तर ब्रश ओला व्हायच्या आधी वेळ संपेल. रंग ठरलेले, पॅलेटमध्ये वाळलेले, वरून पाण्याचा फवारा मारला की पाच मिनिटांत तयार. कागद पोस्टकार्डाएवढा. आधी फक्त एका रंगात, बहुतेक सिएनात, अंगठ्याएवढं चित्र काढते, त्यात गडद, मधला आणि फिका एवढंच ठरवायचं. माझ्या मते नव्याने शिकणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, कारण गडद-फिकं जागेवर असेल तर रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र उभं राहतं, आणि ते चुकलं तर चोवीस रंगांचा बॉक्सही काही करू शकत नाही.

मग रंग. चित्र झालं की मागे पेन्सिलने लिहायचं, काय किती मिसळलं, 'नि. २ सि. १' असं, मोजून नाही, अंदाजाने. काही महिन्यांत पाढ्यांसारखं तोंडपाठ होतं, भिजलेली माती दिसली की हात आपोआप योग्य वाटीकडे जातो आणि डोकं समोरच्या गोष्टीकडे बघायला मोकळं राहतं. दर आठवड्याला नवे रंग घेत राहिलं तर हे होणं अवघड आहे, प्रत्येक नवी ट्यूब बाकी सगळ्यांशी कशी वागते ते पहिल्यापासून शिकावं लागतं.

सगळं या तिघांत होतं असं मी म्हणणार नाही. जास्वंद होत नाही. बोगनवेल होत नाही. गणपतीत ताट भरून फुलं समोर असतात तेव्हा मी सरळ सेट बदलते, लेमन यलो, क्रिमसन आणि तोच अल्ट्रामरीन, म्हणजे परत तीनच, पण स्वभाव एकदम वेगळा, यातून केशरी आणि जांभळा छान निघतात आणि मातीचे रंग काढायला मेहनत पडते. झेंडू मात्र ऑकरमध्येही होतो, बाजूला निळसर सावली नीट पडली तर तो पेटतो. आपण परत शेजाराशीच आलो.

कंटाळ्याचं म्हणाल तर येतो, कधीकधी. तेव्हा मी तिघांपैकी एकच बदलते. सध्या सिएनाच्या जागी लाइट रेड घेतलाय, जरा जास्त झाकणारा, जास्त लाल, आणि तेवढ्याने सगळे राखाडी जांभळट झालेत, जांभ्याची तीच भिंत संध्याकाळची वाटायला लागली.

विकत घेताना एवढं बघा. ट्यूबवर बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे आतल्या रंगद्रव्याचा, कोड असतो. अल्ट्रामरीनवर पीबी २९, बर्न्ट सिएनावर बहुतेक पीबीआर ७ किंवा पीआर १०१, ऑकरवर पीवाय ४२ किंवा ४३. एका ट्यूबवर एकच कोड असेल ती घ्या. सॅप ग्रीनसारख्या ट्यूबमध्ये आधीच दोन-तीन पिगमेंट असतात, अशा दोन ट्यूबा एकमेकींत मिसळल्या की पाच-सहा गोष्टी एकत्र येतात आणि चिखल होतो, मग लोकांना वाटतं आपल्याला मिक्सिंग जमत नाही. क्रिमसन घेताना पीआर ८३ असेल तर तो उजेडात उडतो, वहीत ठेवायला ठीक, भिंतीवर लावायच्या चित्राला नको. स्टुडंट ग्रेडच्या साध्या ट्यूबांनी सुरुवात केली तरी चालेल, पैसे कागदावर घाला, ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, घ्या, पातळ कागद पाण्याने फुगला की ढगांची ती सगळी मजाच जाते.