पुराची रेघ

2021 च्या दिवाळीनंतर आमच्या मंडळाची सर्वसाधारण सभा झाली. तिच्यात पहिलाच ठराव आला तो सभागृह पाडण्याचा. पुण्याच्या नारायण पेठेत नदीच्या बाजूला असलेलं हे एकमजली माडीचं सभागृह माझ्या आजोबांच्या पिढीनं घरोघरी वर्गणी मागून बांधलं. दगडी जोतं, चुन्यातल्या विटांच्या भिंती, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. इथं कॅरम चालायचा, भजन व्हायचं, बारशी आणि साखरपुडे व्हायचे. पण दहा वर्षं भिंतींना लोणा लागत होता, पोपडे खाली येत होते आणि हॉल कोणी भाड्यानं घेईना. मी चिटणीस. पाडायला माझा विरोध होता, पण उभं ठेवून त्याचं करायचं काय, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

उत्तर निम्मं नियमांनीच दिलं. आमची जागा निळ्या पूररेषेच्या आत येते. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ही रेषा. तिच्या आत नवं बांधकाम मिळत नाही. म्हणजे पाडलं असतं तर गेलंच असतं. शिवाय इमारत वारसा यादीत, त्यामुळे हेरिटेज समितीचं ना हरकत लागणार. हे दोन्ही कागद सभेत वाचून दाखवल्यावर पाडण्याची भाषा थांबली. पुढे मोजणी, नकाशे, खांबाखांबाचे फोटो यांत सहा महिने गेले. त्यातले तीन महिने फाइल एका टेबलावर नुसती पडून होती. दर सोमवारी जाऊन उभं राहायचं, एवढंच हातात होतं.

वापराचा प्रश्न मात्र आमचा आम्हालाच सोडवायचा होता. पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं भरपूर, अभ्यासिकेला मागणी कायमची. मासिक शुल्कातून देखभालीचा खर्च निघाला असता. पण आप्पांनी सरळ विचारलं, "मग आमचं भजन कुठे? मुलं पुस्तकं उघडून बसणार आणि आम्ही टाळ गुंडाळून ठेवायचे?" ते ऐंशी वर्षांचे, लहानपणापासून इथं येणारे. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. शेवटी अभ्यासिका माडीवर, खाली भजन आणि कॅरम, आणि भजनाची वेळ संध्याकाळी सहा ते साडेसात, असं ठरलं. मुलांनाही त्या वेळी चहाला जायचंच असतं.

पुस्तकांवरून वास्तुविशारद बाई आणि मी बरेच दिवस अडलो होतो. पुराचा विचार केला तर पुस्तकं वरच हवीत. पण भरलेल्या कपाटाचं वजन लाकडी माडीच्या मध्यावर टाकणं धोक्याचं. कपाटं मग फक्त भिंतीलगत, जिथं तुळया भिंतीत टेकतात तिथं ठेवली आणि मधली जागा टेबलांना दिली. दोन तुळयांची टोकं वाळवीनं खाल्ली होती. तेवढाच भाग कापून नवीन साग जोडला आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्ट केल्या. पट्ट्या दिसतात. त्या झाकायला मी नको म्हटलं.

रॅम्पचं गणित सरळ होतं. जोतं दीड फूट उंच, चढ 1:12 चा, म्हणजे अठरा फूट लांबी. पुढच्या पायऱ्या त्यात गाडल्या गेल्या असत्या, म्हणून तो कडुलिंबाच्या बाजूनं घेतला.

खरं काम भिंतींचं होतं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला, त्यानंतरच्या दुरुस्तीत कोणीतरी चुन्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता. त्या काळी तेच मजबूत वाटत असणार. पण चुन्यातली भिंत ओल घेते आणि हवेत सोडते. वर सिमेंट आलं की ओल आतच अडकते, क्षार वर येतात आणि वीट पिठासारखी झडते. आम्ही तो गिलावा पूर्ण काढला. चौथ्या दिवशी गवंडीमामांनी मला हाक मारली, "ताई, इकडे या." माझ्या डोक्यापेक्षा वीतभर वर, जुन्या चुन्यावर डांबराची आडवी रेघ होती आणि शेजारी वाकड्या अक्षरांत 12-7-61. आप्पा आले, रेघेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्यांनी ती रेघ ओढताना पाहिली होती. तेवढा पट्टा आम्ही तसाच उघडा ठेवला.

सगळा हिवाळा भिंती नुसत्या वाळू दिल्या. मग चुना विरवून मुरवला, त्यात वाळू आणि विटांची सुरखी, मळायला गूळ, मेथी आणि हिरड्याचं पाणी. तीन थर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे प्रत्येक थरावर पाणी मारत राहावं लागतं आणि घाई केली की तडे जातात. मामा बोटाच्या नखानं थर दाबून बघायचे आणि "अजून नाही" म्हणून निघून जायचे. सभासद वैतागले, मीही वैतागले, पण पुढचा थर मामांनी सांगितल्यावरच चढला. मीटर आणि मुख्य बोर्ड माडीवर नेले. खालची लाइन वेगळी काढली, वरूनच बंद करता येईल अशी.

मे 2023 मध्ये कुलूप उघडलं. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं, नदीपात्रातला भिडे पूल बुडाला, आणि पहाटे पाणी आमच्या उंबऱ्याच्या आत घोट्यापर्यंत आलं. रात्रीच मुलांनी खालची लाइन बंद करून कॅरम बोर्ड आणि सतरंज्या वर नेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर गाळ काढला, सगळी दारं-खिडक्या उघड्या टाकल्या आणि भिंतींना हात लावला नाही. महिनाभरानं खालचा काळपट पट्टा फिका पडत गेला. कुठेही पोपडा सुटला नव्हता.

आप्पांनी पेन्सिल मागितली. खुर्चीवर बसून, वाकून, त्यांनी जमिनीपासून चार बोटं वर एक बारीक रेघ ओढली आणि तारीख माझ्याकडून लिहून घेतली.