तुम्ही विचारलंत म्हणून: प्रेशर रेग्युलेटर खरंच गेलाय का?

पावसाळा सरला की हा प्रश्न हमखास येतो. मिरगापासून चवथीपर्यंत जुनी इंजेक्शनवाली गाडी शेडमध्ये उभी असते. बाहेर काढली की गरम असताना स्टार्ट घेत नाही, प्लग काळे पडतात, नाहीतर चोर्ला घाटात दम टाकते. गॅरेजवाला म्हणतो, ‘रेग्युलेटर गेला, बदला.’ रेग्युलेटर म्हणजे इंजेक्टरना जाणाऱ्या पेट्रोलचा दाब सांभाळणारा पार्ट. तो बदलायचा का? दाब मोजणारा गेज लावल्याशिवाय नाही.

त्याआधी एक फुकटची तपासणी. रेग्युलेटरच्या डोक्यावरची, इंजिनच्या इनटेककडून येणारी बारीक व्हॅक्यूमची नळी काढून वास घ्या. आत पेट्रोलचा ओलावा दिसला तर डायफ्रॅम (रेग्युलेटरच्या आतला पातळ पडदा) फाटलाय. पुढचं काही तपासू नका, पार्ट बदला. कोरडी असेल तर ती चिरलेली किंवा चोंदलेली नाही ना, ते बघा. दोष पाच-दहा रुपयांच्या नळीचा आणि बिल रेग्युलेटरचं, असंही होतं.

आता गेज. ० ते ७ बारचा, टी-जोड लावून फिल्टर आणि रेलच्या (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपाच्या) मध्ये. होज इंजेक्शनच्या दाबाचाच हवा. कार्बोरेटरवाला फुटेल आणि खाली गरम एक्झॉस्ट आहे. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा, जोडाखाली फडकं धरा. काम उघड्यावर करा, अग्निशामक हाताशी ठेवा.

पुढचे आकडे एल-जेट्रॉनिक (बॉशची जुनी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन सिस्टिम) आणि तिच्या घराण्यातल्या सिस्टिमचे आहेत. तिथे रेग्युलेटर २.५ किंवा ३ बारचा असतो. आकडा बहुधा त्याच्या अंगावरच कोरलेला असतो. डी-जेट्रॉनिक २ बारच्या आसपास चालते, तिला व्हॅक्यूमची नळी नसते आणि दाब स्क्रूने जुळवता येतो. के-जेट्रॉनिक ५ बारच्या घरातली, तिची तपासणीच वेगळी.

३ बारचा रेग्युलेटर धरू. इंजिन स्लोवर असताना, नळी जोडलेली असेल तर गेज २.४ ते २.५ दाखवेल. नळी काढून तिचं तोंड बोटाने बंद करा: काटा लगेच ३ वर जायला हवा. हा अर्ध्या बारचा फरकच खरी परीक्षा. काटा हललाच नाही तर रेग्युलेटरवर संशय घ्या, पण नळीत व्हॅक्यूम येतोय की नाही, ते आधी बघा. व्हॅक्यूमच्या हातपंपाने १५ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दिला की दाब साधारण ०.५ बारने उतरतो. व्हॅक्यूम टिकत नसेल तर डायफ्रॅम गेला.

अर्ध्या बारने एवढं काय बिघडतं? कंप्युटर फक्त इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो, दाब तो मोजत नाही. २.५ च्या जागी ३ बार झाला की त्याच वेळात जवळजवळ १० टक्के जास्त पेट्रोल जातं. काळे प्लग तिथूनच येतात.

दाब कमी असेल तर रिटर्नचा (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा) रबरी होज क्लॅम्पने क्षणभर दाबा. काटा झपकन वर चढला तर पंप ठीक, रेग्युलेटर पेट्रोल सोडतोय. चढला नाही तर फिल्टर, टाकीतली जाळी, पंप आणि पंपाला मिळणारे व्होल्ट या क्रमाने बघा. दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, पंप ६ बारच्या वरही जाऊ शकतो. कडक झालेला होज तर दाबूच नका, आतून तुटतो.

गरम स्टार्टच्या तक्रारीसाठी इंजिन बंद करून काटा २० मिनिटं पाहा. भराभर उतरत असेल तर पुन्हा चालवा आणि बंद करताक्षणी रिटर्न दाबा. आता दाब टिकला तर दोष रेग्युलेटरचा. नाही टिकला तर पुढच्या वेळी पंपाकडून येणारा होजही दाबा: टिकला तर दोष पंपाच्या चेक व्हॉल्व्हचा (पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या झडपेचा), तरीही उतरला तर इंजेक्टर गळतोय.

उलट तक्रार म्हणजे जास्त दाब. गोव्यात ती असली की आम्ही आधी रिटर्नच्या लोखंडी पाइपावर बोट ठेवतो. दमट हवा, त्यात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचा पाइप आतून गंजतो, शिवाय जुनं रबर फुगतं. रेग्युलेटरच्या बाहेरच्या तोंडाला दुसरा होज लावून तो पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडा. व्हॅक्यूमची नळी काढलेली असताना दाब लगेच ३ वर आला तर रेग्युलेटरला हात लावू नका, टाकीपर्यंतचा पाइप साफ करा.