तुम्ही विचारलंत म्हणून : ‘नेब्रास्का’ घरी झाला, मग आमचा का नाही?

‘नेब्रास्का’ म्हणजे अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा अल्बम, आणि त्यावरून प्रश्न दर वेळी त्याच सुरात येतो. ‘स्प्रिंगस्टीननं ‘नेब्रास्का’ झोपायच्या खोलीत कॅसेटवर केला ना? मग आम्हाला स्टुडिओ कशाला?’ विचारणाऱ्याकडे आठ-दहा गाणी तयार असतात, आणि प्रश्नात उत्तरही आधीच भरलेलं असतं: स्टुडिओवाले लुटतात. मिक्सिंग (वेगवेगळे आवाज एकत्र बसवणं) आणि मास्टरिंग (छापण्याआधीचा शेवटचा हात) यांवर माझं पोट आहे, त्यामुळे माझ्या बोलण्यात स्वार्थ आहे हे धरूनच पुढचं वाचा.

होतो. घरी अल्बम होतो. माझा राग उत्तरावर नाही, उदाहरणावर आहे. ‘नेब्रास्का’चा दाखला देणारे खोली, कॅसेट, दोन माइक एवढंच सांगून थांबतात. जानेवारी ते सप्टेंबर १९८२ या काळात त्या कॅसेटनं किती जणांना रडवलं, ते कुणी सांगत नाही. (आणि गंमत बघा, सगळ्या सूच्यांमध्ये त्याची नोंद ‘स्टुडिओ अल्बम’ अशीच असते.)

आधी सामान. न्यू जर्सीत कोल्ट्स नेक इथलं भाड्याचं घर. टीॲकचं १४४, म्हणजे १९७९ साली आलेला पहिला पोर्टास्टुडिओ (कॅसेटवर चालणारा छोटा रेकॉर्डर-मिक्सर). नेहमीची कॅसेट एका बाजूला दोन आणि उलटवल्यावर दोन असे चार ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र पट्ट्या, वापरते. हे यंत्र चारही एकाच दिशेनं वापरतं आणि फीत दुप्पट वेगानं पळवतं, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटवर १५ मिनिटं. शुअरचे दोन एसएम ५७ माइक, स्टेजवर आपटून-धोपटून वापरतात तेच. मिक्स करताना मध्ये गिब्सनचा एकोप्लेक्स, म्हणजे फितीवर चालणारा एको. आणि शेवटचं मिक्स उतरलं ते पॅनासॉनिकच्या एका बूमबॉक्सवर, जो त्याआधी पाण्यात पडून वाचला होता. बहुतेक गाणी ३ जानेवारी १९८२ च्या बैठकीतली.

ही यादी वाचून तुम्ही खूश होता, कारण तुमच्याकडे याहून बरं सामान आहे. पण १४४ वर एका वेळी दोनच ट्रॅक भरता येतात. एकावर गळा, दुसऱ्यावर गिटार, दोन्ही एकदम. गळ्याच्या माइकात गिटार शिरते, गिटारच्या माइकात गळा. एक शब्द चुकला तर तेवढाच बदलता येत नाही, पहिल्यापासून गावं लागतं. उरलेल्या दोन ट्रॅकवर माउथ ऑर्गन, दुसरा आवाज, क्वचित ग्लॉकेनस्पील (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य). संपलं. तुमच्या लॅपटॉपवर ट्रॅक संपत नाहीत, म्हणून तुम्ही एक कडवं तीस वेळा गाता आणि मग रात्रभर शब्दाला शब्द शिवत बसता. त्यानंतर मला विचारता, ‘यात तो जिवंतपणा का नाही?’

इथं माझंच एक जुनं मत मागे घ्यायला हवं. पूर्वी मी ठासून सांगत असे की तो आवाज कॅसेटचा आहे, डिजिटलवर येणार नाही. चूक होतं ते. फितीचं गणित बघा: कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, त्यात चार ट्रॅक, एकेकाला जेमतेम ०.६ मिलिमीटर. मोठ्या स्टुडिओतली दोन इंची फीत २४ ट्रॅकांत वाटली की एकेकाच्या वाट्याला साधारण १ मिलिमीटर येतो. रुंदीत फार मोठी तफावत नाही. तफावत आहे वेगात: तिकडं सेकंदाला ७६ सेंटिमीटर, पोर्टास्टुडिओवर साडेनऊ, बूमबॉक्सवर ४.७६. वेग उतरला की वरचे सूर झडतात आणि हिस (फितीची सततची सळसळ) डोकं वर काढते. हे निव्वळ नुकसान आहे, त्यात जादू नाही. त्या गाण्यांतली जवळीक येते ती माणूस माइकला लागून हळू गातोय, खोलीत त्याला ऐकणारं कुणी नाही आणि टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) तोडता येत नाही, यातून. मी ते सगळं श्रेय फुकट फितीच्या खात्यावर जमा करत होतो. हिसचं प्लगइन विकत घेऊन वरून शिंपडणारे अजूनही तेच करतात.

आता ती वगळली जाणारी हकिगत.

हा अल्बम म्हणून रेकॉर्ड झालाच नव्हता. बँडला गाणी कळावीत म्हणून केलेला तो डेमो. मॅनेजर जॉन लँडाऊ यांच्याकडे गाण्यांवरच्या टिपणांसकट तो गेला. मग न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडनं तीच गाणी हातात घेतली. काही तिथं उसळून उभी राहिली. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गाणं मुळात त्याच डेमोतलं, ते १९८४ च्या अल्बमला नाव देऊन गेलं. बाकीची मात्र वाद्यं वाढतील तशी बसत गेली. एवढे दिवस मूळ कॅसेट डबीशिवाय स्प्रिंगस्टीनच्या खिशात फिरत होती. अखेर ठरलं की हीच काढायची. इंजिनियर टोबी स्कॉट आणि निर्माता चक प्लॉटकिन यांचा वनवास इथून सुरू होतो.

अडचण समजायला तबकडी कशी कापतात ते बघावं लागेल. लेथवर लॅकरची (मऊ लेप दिलेली) थाळी फिरते आणि तापवलेली सुई तिच्यात चर कोरते. दोन्ही चॅनेलांत जे सारखं असतं ते सुईला आडवं हलवतं, जे वेगळं असतं ते वर-खाली. खर्ज दोन चॅनेलांत उलट फेजमध्ये (एकात लाट वर, तेव्हा दुसऱ्यात खाली) असला की चर कुठं खोल, कुठं उथळ होते, आणि उथळ जागी तुमच्या घरची सुई उडते. स्टुडिओत हे मीटरवर आधीच दिसतं. खोलीत एकट्यानं केलेल्या मिक्सवर कोण बघणार?

दुसरं दुखणं अझिमुथचं. रेकॉर्डिंगचं हेड फितीला काटकोनात हवं. ४.७६ सेंटिमीटर वेगाला १० किलोहर्ट्झच्या सुराची लाट फितीवर पावणेपाच मायक्रॉनची असते, माणसाचा केस याच्या दहापट तरी जाड. हेड किंचित कललेलं असलं तरी एक चॅनेल दुसऱ्याच्या मागं पडतो आणि वरचे सूर एकमेकांना खोडायला लागतात. भरणारा डेक किती कलला होता ते वाजवणाऱ्या डेकला माहीत नसतं. प्रत्येक वेळी कानानं स्क्रू फिरवून जुळवावं लागतं. त्यात त्या यंत्रांची हेड साफसुद्धा केलेली नव्हती.

तिसरं म्हणजे मंद टेप उजळावी म्हणून वरचे सूर उचलावेत, तर हिसही उचलली जाते आणि ‘स’, ‘श’ टोचू लागतात. तबकडीच्या आतल्या बाजूला तर जास्तच. ३३⅓ च्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर चर सरकते, लेबलाजवळ २१. तेवढाच ‘स’, पण जागा निम्म्याहून कमी.

एकामागून एक नामांकित मास्टरिंगवाले झाले. कॅसेटवर ऐकलं तर ठीक, लॅकरवर चढवलं की बिघडलं. फक्त कॅसेटवरच अल्बम काढावा का, इथपर्यंत बोलणं गेलं. शेवटी न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत डेनिस किंग यांनी कापून बघितलं. पहिल्यांदा त्यांचंही फसलं. मग पातळी बरीच खाली आणून कापलं, आणि ते टिकलं. पुढं बॉब लुडविग यांच्याकडचं इक्यू (खर्ज आणि वरच्या सुरांचा समतोल) आणि किंग यांची कापायची मापं अशी सांगड घालून काम पुरं झालं. पातळी उतरवली की चर कमी डोलते आणि सुई चरीत राहते. बदल्यात तबकडीची स्वतःची खरखर संगीताच्या जवळ येते. अल्बम ४१ मिनिटांचा, म्हणजे बाजूला साधारण वीस. एवढ्या लांबीला एरवी बऱ्यापैकी जोरात कापता येतं. इथं तो जोर सोडून द्यावा लागला. ३० सप्टेंबर १९८२ ला अल्बम बाहेर आला.

आता सांगा, घरी झालेल्या त्या अल्बमला स्टुडिओ किती लागले? आणि हे सगळं करू देणारी कंपनी पाठीशी होती, कारण आधीचा ‘द रिव्हर’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन आला होता. तुमच्या कॅसेटसाठी एवढी दारं कुणी ठोठावेल का?

हे लिहिताना मलाच दिसतंय की मी वकिली करतोय. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्याच हंगामात लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक स्टुडिओत मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ चालू होता. निर्माता क्विन्सी जोन्स, इंजिनियर ब्रूस स्वीडीन, हवं ते यंत्र हाताशी. ‘बिली जीन’चे ९१ मिक्स झाले आणि अखेर घेतला तो दुसरा. पण पूर्ण अल्बम कापून ऐकला तर आवाज बारीक! बाजू फार लांब झाल्या होत्या, चरी दाटीवाटीनं बसल्या होत्या. गाणी छाटली, सगळं नव्यानं मिक्स केलं. ‘नेब्रास्का’नंतर दोन महिन्यांनी, नोव्हेंबरच्या अखेरीस तो बाहेर आला, लांबी ४२ मिनिटं. म्हणजे ज्या लेथवर बूमबॉक्स अडला, तिथंच वेस्टलेकही अडलं. तेव्हा स्टुडिओत गेलं की सुटलो, असं मी म्हणू शकत नाही.

तुमच्या वाटेत लेथ नाहीच. हा मुद्दा तुमचा, मान्य. तुमची अडचण खोली आहे. दहा बाय दहाची खोली, खाली फरशी, भिंती उघड्या. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झला लाट उभी राहते आणि तिच्या दुपटीला, ११२ लाही. ती बसते थेट गिटारच्या पाचव्या तारेच्या खुल्या सुराजवळ, ११० हर्ट्झवर. मग तो एक सूर ढोलासारखा घुमतो आणि तुम्ही गिटारला दोष देता. खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा भिंतीला चिकटून बसू नका, एक तृतीयांशावर बसा. गोधड्या लावा, पण त्या वरचे सूर खातात, खर्ज नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि त्या माइकमागं नाही, गाणाऱ्याच्या पाठीमागं हव्यात, कारण माइकचं तोंड तिकडं असतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडं पाठ करून उभं राहिलात तरी काम होतं.

अशा खोलीत कंडेन्सरपेक्षा साधा डायनॅमिक माइक बरा, तो खोली कमी ऐकतो. तोंडापासून एक वीत, किंचित तिरका. गिटारचा माइक भोकासमोर नको, बाराव्या फ्रेटकडं रोखा. २४ बिटवर भरा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, त्याहून जोरात भरण्यात काहीही फायदा नाही. दोन माइक असतील तर मोनो करून (दोन्ही चॅनेल एकत्र) ऐका, एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवा, आणि ज्यात खर्ज भरल्यासारखा वाटतो ते ठेवा; वर लॅकरची रामकहाणी सांगितली ती याचसाठी. पंखा आणि फ्रिज बंद. पंख्याचा आवाज नंतर सॉफ्टवेअरनं काढू म्हणाल, तर प्रत्येक शब्दाची शेपटी पाण्यात बुडवल्यासारखी येते. ते मला दुरुस्त करता येत नाही. कुणालाच येत नाही.

आणि उदाहरणच हवं असेल तर फिल कॉलिन्सचा ‘फेस व्हॅल्यू’ घ्या, १९८१ चा. घरी आठ ट्रॅकवर केलेले डेमो त्यानं टाकले नाहीत. ते जसेच्या तसे २४ ट्रॅकच्या फितीवर उतरवले आणि पुढचं काम त्यांच्यावर चढवलं. ‘इन द एअर टुनाइट’मध्ये मागं टिकटिकणारं रोलँडचं सीआर-७८ ड्रम मशीन घरचं; शेवटी कोसळणारे ते ड्रम मात्र लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओतल्या दगडी खोलीतले, कारण तशी खोली घरी नव्हती. जे घरी नीट होतं ते घरी करा, ज्याला जागा लागते तेवढं बाहेर. या सल्ल्यात माझा धंदा अर्धा बुडतो, तरी देतो.

‘नेब्रास्का’बद्दल मात्र माझं मन अजून एका जागी बसत नाही. हा अल्बम होणार हे माहीत असतं, तर स्प्रिंगस्टीन तसा गायला असता का? मला वाटायचं, नाही. म्हणूनच बँडबरोबरचे टेक डब्यात राहिले ते बरं झालं, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. २०२५ साली ते टेक प्रसिद्ध झाले. पहिल्यांदा ऐकून म्हटलं, बघा, बरोबर होतो मी. दुसऱ्यांदा ऐकताना दोन गाण्यांपाशी थांबलो, आणि तेव्हापासून हे वाक्य पूर्वीइतकं ठासून बोलत नाही.